रस्त्याच्या शेवटचा एक फूट

नळदुर्गच्या जुन्या वस्तीत राहायचो तेव्हा कुठल्याही बोळात शिरलं तरी पुढं कुठंतरी निघता यायचं. हायवेलगतच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं आणि मुलीला शाळेला जायला एकच वाट उरली, ट्रकांना खेटून हायवेवरून. ती आठवीत आहे, सायकलनं जाते. ती घरी येईपर्यंत माझं कामात लक्ष नसतं.

आमचा तीस फुटी रस्ता सरळ जाऊन तारेच्या कुंपणाशी थांबतो. पलीकडं शेजारच्या प्लॉटिंगचा रस्ता आहे, तोही तीस फुटी, बरोबर समोरासमोर. तो शाळेच्या मागच्या फाटकापाशी निघतो. मग मध्ये तार कशाला? पलीकडच्या मालकाचाच हा उद्योग, असं मी धरून चाललो होतो.

एका रविवारी मोजायचा टेप लावला. हद्दीच्या दगडाच्या एक फूट अलीकडंच आमचं डांबर संपत होतं, तेही कापल्यासारखं सरळ. चुकून झालेलं काम इतकं सरळ नसतं.

प्लॉट विकणाऱ्या शेठना विचारलं. ते हसले.

"काका, तेवढा फूट मी माझ्या नावावर ठेवलाय. पलीकडच्याला रस्ता जोडायचा असंल तर त्यानं यावं, बसावं, पैशाचं बोलावं."

"आणि आमची पोरगी?"

"तिला कोण अडवतंय? हायवे हाय की!"

पलीकडच्या मालकाकडं गेलो, अर्थात हायवेनंच वळसा घालून. ते म्हणाले, "त्यांनी ठेवला म्हणल्यावर मी काय येडा हाय व्हय? म्या बी ठेवलाय एक फूट."

माझा विश्वास बसला नाही. तिकडंही टेप लावला. फूट होता.

आमच्या गल्लीत सांगितलं, सगळे मिळून दोघांना भेटू. शेजारी म्हणाले, "राहू द्या बंद. वाट झाली की तिकडची कोणबी माणसं इकडं फिरतील." तिकडची माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. खरं तर मीही धड पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी मी सायकल तारेवरून पलीकडं उतरवली. तिकडच्या एका बाईंनी न विचारता हँडल धरलं. मुलगी तारेखालून सरकताना थांबली.

"पप्पा, ही जागा कुणाची?"

"पहिला फूट आपल्या शेठचा, दुसरा तिकडच्या मालकाचा. चल, नीघ लवकर."