ज्युरीला दिसलेला डावा हात

अन्याय रेणुकावर झालाय. गेल्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीआधी, नाशिकमधल्या एका खाजगी डिझाइन संस्थेच्या हॉलमध्ये, अख्ख्या बॅचसमोर तिला चोर ठरवलं गेलं. एम.डेस.चं शेवटचं काम बाद. डिग्री अडकवली. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही भुताखेतांच्या गप्पांत रमाल आणि मूळ मुद्दा विसराल. विसरू नका.

माझं म्हणाल तर मी असल्या गोष्टींविरुद्ध पत्रकं वाटणारी पोरगी. कॉलेज रोडला, एसटी स्टँडवर, सातपूरला शिफ्ट सुटताना कंपन्यांच्या गेटवर. अंगात येणं, उतारे, करणी... सगळ्यांना माझा एकच प्रश्न, पुरावा दाखवा. याच फेसबुक पानावर लोकांच्या भुताटकीच्या अनुभवांखाली "झोप पूर्ण करा" अशा कमेंट टाकणारी मीच. आता पुरावा माझ्याच फोनमध्ये आहे, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाहीये.

रेणुका माझी रूममेट. ती टेक्स्टाइलला, मी कम्युनिकेशनला. ती येवल्याची, घरात पैठणीचे माग. आई नावाजलेली विणकर, आणि डावखुरी. गेल्या दिवाळीनंतर आईला झटका आला आणि डावी बाजू गेली. ज्या हातावर घर चाललं, तोच हात तेव्हापासून गोधडीवर पडून आहे.

रेणुकाने थीसिसला पैठणीचा पदरच घेतला. तीन मोर, एकावर एक, नवीन डिझाइन. अट अशी की कापड विद्यार्थ्याने स्वतः, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये विणायचं. माग कॉलेजचा होता, पण फणी तिने घरून आणली. आईची. फणी म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा जिच्या फटींतून ओवलेला असतो ती. दरवेळी नव्याने ओवणं हे फार वेळखाऊ काम. म्हणून विणकर जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांना जोडून घेतात.

पण तिच्या घरात एक रीत आहे. विणणारं माणूस आजारी पडलं, तर त्याच्या फणीतल्या टोकांना दुसऱ्याने जोड द्यायचा नाही. ते बरं होईल, स्वतः जोडेल. म्हणून तिला ती जुनी टोकं काढून फणी नव्याने भरायची होती. त्यासाठी तिने गाईड सरांकडे मुदत मागितली. सर म्हणाले, "सबमिशन पुढे जाणार नाही. रीतिरिवाज रिपोर्टमध्ये टाक, एक छान चॅप्टर होईल."

तिने जोड दिला. आईच्या टोकांना.

मग रोज दुपारी ती विणायची आणि मी स्टँडवर फोन लावून शूट करायची. प्रोसेसचा व्हिडिओ सक्तीचा होता. मी तिच्यापासून हातभर अंतरावर, लॅपटॉपवर माझं काम करत बसलेली. पहिला मोर होईपर्यंत तिची बडबड अखंड चालू होती. कॅन्टीनच्या मिसळीला शिव्या, सरांची नक्कल. दुसरा मोर सुरू झाला आणि ती गप्प झाली.

"रेणे, चहा."

उत्तर नाही.

"ओ महाराणी, गार होतोय."

"ठेव तिथं. मोराची मान व्हायचीय."

मला वाटलं डेडलाइनचं टेन्शन. आम्हा सगळ्यांचीच तेव्हा तशी अवस्था होती.

ज्युरीला बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. पैठणीतल्या जाणकार. त्यांनी पदरावर भिंग धरलं. आधी हसऱ्या होत्या... मग हसणं थांबलं. भिंग खालच्या मोरावरून वरच्या दोघांवर, पुन्हा खाली.

"खालचा मोर तुझा. वरचे दोन कोणाचे?"

"माझेच, मॅडम."

"लिहितेस कोणत्या हाताने?"

"उजव्या."

"दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले ना, की विणणाऱ्याचा हात ज्या बाजूचा, त्या बाजूला पीळ झुकतो. हे वरचे दोन मोर डावखुऱ्या माणसाचे आहेत. आणि शिकाऊ नाही, मुरलेला हात आहे. कोणाकडून विणून घेतलंस?"

रेणुकाने भिंग मागून घेतलं. वाकून पाहिलं. तिचा चेहरा मी बघत होते, तो पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. ती एवढंच म्हणाली, "हा आईचा हात आहे."

"म्हणजे आईने विणलं?"

"आई अंथरुणावर आहे, मॅडम. तिला चमचासुद्धा धरता येत नाही."

"मग कोणी विणलं?"

गाईड सर खिडकीबाहेर बघत होते. तिची फणी, तिने मागितलेली मुदत, सगळं माहीत असून! मी उठून ओरडले, "मी रोज तिथे बसलेय, माझ्याकडे व्हिडिओ आहे." मला खाली बसायला सांगण्यात आलं. आणि निकाल लागला, काम बाहेरून करून घेतलेलं, सबब बाद.

संध्याकाळी रूमवर आम्ही व्हिडिओ लावला, त्यांच्या तोंडावर मारायला म्हणून. पहिला मोर, तिचा उजवा हात रंगीत धाग्यांच्या कांड्या फिरवतोय. दुसरा मोर... उजवा हात मांडीवर. नुसता ठेवलेला. आणि डावा हात ताण्यातून आत-बाहेर, आत-बाहेर, न बघता, न अडखळता.

"ही मी नाहीये," रेणुका म्हणाली. "म्हणजे मीच आहे. पण मी उजव्याने विणत होते गं. मला आठवतंय ना!"

मी तिला वही दिली. डाव्या हाताने नाव लिही म्हटलं. पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं आलं. मी हातभर अंतरावर बसून हे पाहिलं कसं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

व्हिडिओ संस्थेला दिला. त्यांच्या चौकशी समितीचं उत्तर, "तुम्ही तो आरशासारखा उलटा केलाय." मी त्यांना व्हिडिओतली मागच्या भिंतीवरची पाटी दाखवली. 'वर्कशॉपमध्ये चपला घालून येऊ नये', अक्षरं सरळ वाचता येतात. तर म्हणे पाटी नंतर चिकटवली असेल. एक मुलगी खरं बोलत असेल ही शक्यता सोडून बाकी सगळ्या शक्यता यांना सुचतात!

मग आम्ही एसटीने येवल्याला गेलो. मला डॉक्टरचे कागद हवे होते, आई विणूच शकत नाही हे सिद्ध करायला. कागद मिळाले. पण रेणुकाची काकू पदर हातात घेऊन उंबऱ्यातच बसली.

"वयनीचं काम हाय हे. कवा केलं?"

"काकू, मी केलंय," रेणुका म्हणाली.

"तू? तुझा मोर कोंबडीवानी दिसतो, मला नको सांगू." हसली, आणि एकदम थांबली. "ही मागावर बसायची त्या महिन्यात वयनीचा हात लय हालायचा बघ. दुपारचा. आम्हाला वाटलं गुण येतोय. डॉक्टर म्हनला, असं आपोआप हालतं कधी कधी, आशा नका धरू. मग बंदच झालं."

"कधी बंद झालं?" मी विचारलं.

"हिचा फोन आला ना, पदर मागावरून उतरवला म्हनून? त्या दिवसापासून नाय."

योगायोग. मी मोठ्याने म्हटलं, योगायोग. आणि मग म्हटलं, तपासूया. हेच तर मी लोकांना शिकवत फिरते.

आई खोलीत डोळे मिटून पडलेल्या होत्या. डावा हात गोधडीवर, उताणा. रेणुका आणि काकू हाताजवळ बसल्या. मी फोनवर तोच व्हिडिओ घेऊन खोलीबाहेर, भिंतीआड, आवाज पूर्ण बंद करून. आतल्या कोणाला स्क्रीन दिसणं शक्य नव्हतं. आधी पहिला मोर लावला, उजव्या हाताचा.

"काय नाय," आतून काकू.

मी न सांगता दुसऱ्या मोरावर गेले.

मग रेणुकाचा श्वास ऐकू आला, रडण्याआधी येतो तसा. "बोटं," ती म्हणाली. "बोटं चाललीत."

मी व्हिडिओ थांबवला.

"थांबली."

पुन्हा लावला.

"चालू झाली गं..."

एकदा माझा अंगठा चुकून लागला आणि व्हिडिओ थांबला. आतली बोटंही थांबली. मी आत गेले, फोन पाठीमागे धरून, व्हिडिओ सुरू केला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अंगठा आणि दोन बोटं, न दिसणारी कांडी धरून, आत-बाहेर. आईंचे डोळे मिटलेलेच. काकू हळूच म्हणाली, "बंद कर पोरी. दमंल ती."

मी बंद केला.

डॉक्टरांना विचारलं, ते पुन्हा तेच म्हणाले, हलतं कधी कधी. ज्या संघटनेची पत्रकं वाटते, तिथल्या मित्रांना विचारलं. त्यांनी मला आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं. माझ्याकडेही स्पष्टीकरण नाही. बनवून सांगणार नाही.

निकालाविरुद्ध संस्थेकडे केलेल्या अपिलात मी यातलं काही लिहिलेलं नाही. फक्त पाहिलं तेवढं लिहिलं, की मागावर रेणुकाशिवाय कोणीही बसलं नव्हतं. संस्थेने तिच्यासमोर दोन रस्ते ठेवलेत. 'काम दुसऱ्याकडून करून घेतलं' असं लिहून द्या आणि वर्ष पुन्हा करा. नाहीतर येत्या सोमवारी सकाळी समितीसमोर, संस्थेच्या नव्या फणीवर, विणून दाखवा. तिने लिहून द्यायला नकार दिला. उजवा हात चालला तर म्हणतील, बघा, ते मोर तुझे नव्हतेच. डावा चालला तर काय म्हणतील, मला माहीत नाही. रेणुका मला रोज विचारते, "डावा चालला तर आईला त्रास होईल का गं?" डिग्री जातेय आणि पोरीला काळजी त्याची.

माझ्या अपिलानंतर समितीने बाहेरची माणसं साक्षीला बसू द्यायचं कबूल केलंय. तेव्हा हे वाचणाऱ्या नाशिककरांनो, लाइक नको, 'बाप रे' नको, तुमच्या मामाच्या गावचं भूत नको. सोमवारी या, पत्ता मेसेज करून विचारा. पुढच्या रांगेत बसा. तिच्या दोन्ही हातांवरून नजर हलवू नका. आणि शेवटी, त्या मागावर तुम्ही कोणाला बसलेलं पाहिलंत ते स्वतःच्या नावाने लिहून, खाली सही करून द्या.