रस्त्यालगतच्या बांधीतली मुलगी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, टीममधल्या मैत्रिणींनाही नाही — आणि वर्षानुवर्षं एका खोलीत राहिलेल्या बायकांना एकमेकींचं काय ठाऊक नसतं? तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मधेच टाळ्या वाजवणार नाही.

मी हॅन्डबॉल खेळले. शाळेपासून गुडघा जाईपर्यंत. आधी जिल्हा, मग राज्य, मग खेळाडू कोट्यातली नोकरी, शेवटी एका क्लबचा करार. आपल्याकडे हॅन्डबॉलवर पोट भरणाऱ्या बायका मोजक्याच, म्हणून गोंदियात माझे सत्कार होतात. शाल असते, नारळ असतो आणि मला 'व्हॉलीबॉलची शान' म्हणणारा निदान एक पाहुणा असतो. परवा तर बॅनरवर माझ्या फोटोशेजारी बास्केटबॉल छापला होता. मी त्याच्याखाली उभी राहून फोटो काढून घेतले. चुकीचं चालवून घ्यायची मला सवय आहे.

प्रत्येक सत्कारात माझी एक गोष्ट सांगतात. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आमची धानाची शेती, बांध घातलेल्या लहान लहान बांध्यांची. रोवणीच्या दिवसांत उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या बांधतात आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चिखलात रोवणाऱ्या बायकांपर्यंत फेकतात. हे काम गड्यांचं. आमच्या घरी मुलगा नव्हता, म्हणून ते मुलीकडे आलं. रस्त्यानं जाणाऱ्या खेळाच्या सरांनी एक मुलगी पाहिली — डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, पाठ रस्त्याकडे, आणि पेंढी अशी फेकायची की बाईला वाकल्या जागेवरून हलावं लागू नये. सरांनी ती मुलगी हेरली आणि खेळाडू घडली.

गोष्ट खरी आहे. फक्त ती मुलगी मी नव्हते.

ती माझी वनिताताई. माझ्याहून वर्षानं मोठी, त्याच शाळेत दहावीला. मी नववीत. माझ्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, म्हणून मी त्या दिवशी धुऱ्यावर छत्री धरून लायब्ररीचं पुस्तक वाचत बसले होते. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा रोवणीत, आणि चिखल्यांमुळे मी शाळेत. सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. "काल रस्त्यालगतच्या बांधीत पेंढ्या फेकत होती, ती कोण गं? तुझ्याच घरची ना?"

मी म्हटलं, "मीच, सर."

का म्हटलं? कारणं पुष्कळ शोधली. मला कुणी कधी कशात हेरलं नव्हतं, ताईला सगळे शाबासकी देत, मी घाबरले — सगळी नंतर जुळवलेली. तेव्हा तोंडातून शब्द गेला आणि गोड लागला. इतकंच.

मग पंचाईत. मला फेकता कुठे येत होतं? मी ताईकडे गेले, टीममध्ये घेतलंय म्हणाले, बाकी काही नाही. ती संध्याकाळी मला बांधीत उभं करी आणि ओल्या पेंढ्या हातात देई. "काऊन हात तोडून राहिली? कंबर फिरव, हात मांगून येते." मी फेकायचे, ती चिखलात धावत जाऊन आणायची, आणि माझी पेंढी भलत्याच बाजूला गेली की पोट धरून हसायची. "रेखे, तिकडं कोनाले देतं? बगळ्याले?" पुढे हजारो प्रेक्षकांसमोर सहा मीटरच्या रेषेवरून उडी मारून मी जे गोल केले, त्यांतला प्रत्येक हात तिचा होता. प्रशिक्षक माझ्या त्या कमरेच्या झटक्याला 'नैसर्गिक' म्हणत.

एवढंच असतं तर कदाचित पोरकटपणा म्हणून सोडूनही दिलं असतं. पण सर घरी आले. शिबिराला पाठवायची परवानगी मागायला. बाबा नाही म्हणत होते. रोवणी अर्धी राहिली होती. सर म्हणाले, "मी स्वतः पाहिलं ना हिला, रस्त्यालगतच्या बांधीत. असा हात शंभरात एखादीचा."

ताई पाणी घेऊन आली होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.

बाबांना तर ठाऊकच होतं पेंढ्या कोण फेकते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि ताई आधी बोलली. "जाऊ द्या न बाबा तिले. मी आहो न रोवणीले."

मी काय केलं? खाली मान घालून उभी राहिले. 'सर, ती ही' — तीन शब्द. सर दोघींनाही घेऊन गेले असते. ते तसे माणूस होते. मी ते शब्द बोलले नाही आणि शिबिराला गेले. ताई दहावीनंतर थांबली, लग्न होऊन सौंदडला गेली. आजही रोवणीत पेंढ्या तीच फेकते. गडी ओशाळतात, असं भाऊजी मोठ्या कौतुकानं सांगतात.

त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ती माझ्या मॅचेस मोबाइलवर बघायची, गोल हुकला की फोन करून शिव्या घालायची. मला टाचेला भेगा पडल्या तर अजून तीच तेल पाठवते. तिच्यावर माझा जितका जीव आहे तितका कुणावर नाही — आणि हेही मी बचाव म्हणून सांगत नाही.

परवाच्या त्या बास्केटबॉलवाल्या सत्काराला ती आली होती. मी मंचावरच्या खुर्चीवर, ती मागच्या रांगेत. पाहुण्यांनी पेंढ्यांची गोष्ट रंगवून सांगितली, सभागृहानं टाळ्या वाजवल्या, ताईनंही वाजवल्या. दुपारी मी तिला गाडीनं सौंदडला सोडायला निघाले. गोरेगाव मागे पडलं तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी असती तं त्या खुर्चीवर येवढा वेळ बसली नसती, बापा."

मी हसले. ती हसली नाही.

सौंदड अजून बरंच लांब होतं. एक वाक्य बोलायला रस्ता भरपूर होता. मी तिला भाऊजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल विचारलं.