अंबाडीचं पाणी

बैल तोंड उघडू देईना. दोन गड्यांनी शिंगं धरली तेव्हा कुठं मला हिरड्या दिसल्या. स्वच्छ. अंगात ताप नाही. म्हणजे बुळकांड्या नाही. बुळकांड्या ही गुरांची महामारी, गोठ्यात शिरली की दावणी रिकाम्या करूनच जाते.

निजामाच्या राज्यात मी गुरांचा डॉक्टर होतो. लोक सलोतरी म्हणत. येडशीच्या डोंगराखालच्या या गावात गुरांना हगवण लागली होती, गाई मेल्या होत्या. तहसीलदारसाहेबांचा हुकूम होता, साथ असेल तर गावाची गुरं बाजारात येऊ द्यायची नाहीत.

"साथ न्हाय ना?" दादाराव पाटलांनी विचारलं.

"नाही. गुरं पाणी कुठं पितात?"

"वढ्यावर. पर हल्ली तोंडच लावंनात."

ओढ्याचं पाणी काळपट झालं होतं. वर मेलेले मासे तरंगत होते. काठानं चढत गेलो तर वरच्या गावाच्या हद्दीत अंबाडीचे भारे दगडाखाली बुडवलेले. अंबाडी पाण्यात कुजवली की सालीचा वाख निघतो आणि वाखाचे दोर वळतात. दुसऱ्या महायुद्धामुळं बाहेरचा दोर मिळेनासा झाला होता, म्हणून त्या वर्षी दोन्ही गावांनी अंबाडी भरपूर पेरली होती.

ओढ्यासाठी दोन्ही गावांची मिळून एक पंचायत होती. पाणी कधी अडवायचं, डोंगरावरचं झाड कुणी तोडायचं नाही, हे ती ठरवायची. खालच्या गावाकडून दादाराव, वरच्याकडून शिवलिंगप्पा शेट, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. दादारावांचा निकाल सभेआधीच तयार होता. अंबाडी कुजवून पाणी नासवतात म्हणून भाऱ्यांजवळची, ओढ्याकाठची दोर वळणारी तीन घरं उठवायची. अप्पांची हरकत नव्हती. इतकं एकमत त्या पंचायतीत पूर्वी झालं नव्हतं म्हणे.

मला ते बरं वाटलं नाही. त्यातल्या एका घरात नुकतीच बाळंत झालेली पोर होती. पण सलोतऱ्याला पंचायतीत मत नसतं. मी एवढंच म्हणालो, "रिपोर्टसाठी जागेवरचा पंचनामा लागतो. सभा तिथंच घ्या."

सभा भाऱ्यांशेजारी भरली. पंच धोतराच्या सोग्यानं नाक दाबून बोलत होते. दोर वळणारी सखूबाई पुढं आली.

"उठवा की. पर मोटंला नाडा कोण वळून देतंय? आन् ही अंबाडी काय आमच्या वावरातली हाय? आमाला वावर हाय व्हय?"

"मग कुणाची?" दादाराव म्हणाले.

"थोडी अप्पांची. बाकी तुमची, पाटील. तुमच्याच गड्यानं गाडी भरून आणली. आपल्या गावचं पाणी नासू नये म्हणून वर नेऊन टाक, असं तुमीच सांगितलं म्हणला."

दादारावांनी गड्याकडं पाहिलं. गड्यानं ओढ्याकडं पाहिलं. अप्पांना हसायचं होतं, पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं.

"वढ्यापासनं लांब खड्डा घ्या," सखूबाई म्हणाली. "घागरीनं पाणी भरा. घाण तिथंच मुरंल."

"खणायचा कुणी?" एका पंचानं विचारलं.

"ज्याची अंबाडी त्यानं," अप्पा घाईघाईनं म्हणाले.

"मंजूर. चला आता." दादाराव उठलेसुद्धा.

भारे त्याच दिवशी बाहेर निघाले. खड्डा झाला. हळूहळू गुरं पाण्याला तोंड लावू लागली. तिन्ही घरं जागच्या जागी राहिली. तहसीलदारसाहेबांनी विचारलं, "दवा कौनसी दी?" मी सांगितलं, सभा. त्यांनी रिपोर्टात मीठपाणी लिहायला लावलं.

पुढं बऱ्याच गावांची पाण्याची भांडणं पाहिली. ती चावडीवर सुटत नाहीत. तिथं सावली असते, पानसुपारी असते आणि वास येत नाही.