चादरीच्या दुसऱ्या टोकाला

वन्सं इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या आणि त्यांची वहिनीही तिथेच. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, हे दोघींचं काम. चादर लांबलचक, एकटीच्या हाताला यायची नाही. एकीने दोन टोकं धरायची, समोर उभ्या राहिलेल्या दुसरीने दोन. ताणायची, झटकायची, मधोमध दुमडायची आणि मग एकमेकींकडे चालत येऊन टोकाला टोक लावायचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे बोलायची गरज उरली नव्हती. एकीचे हात वर गेले की समोरचीचे आपोआप जात.

वन्संना नवऱ्याने टाकलं नव्हतं, त्यांनीच त्याला सोडलं होतं. कपाळावर त्याच्या पट्ट्याची खूण घेऊन त्या थोरल्या भावाच्या दारात आल्या, तेव्हा भावाने जिन्याखालची खोली दिली, पण लगेच सांगूनही टाकलं, "हात चालताहेत तोवर राहा. बसून खाणारं माणूस मला झेपायचं नाही." आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. दुसऱ्या दिवशी वहिनीनेच त्यांना धुलाईखान्यात नेऊन कामाला लावलं.

पुढे धुलाईखाना ठेकेदाराकडे गेला. आजवर गाठोड्यांना रंगीत दोरे बांधत. हिरवा दोरा लहान मुलांच्या वॉर्डाचा, पिवळा बाळंतिणींचा. आता म्हणे प्रत्येक गाठोड्यावर इंग्रजीत चिठ्ठी हवी आणि ती गाठोडं बांधणारीनेच लिहायची. घड्या मशीन घालणार होतं. नव्या सुपरवायझरने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "वस्तूचं नाव लिहिता आलं पाहिजे. एक असेल तर एकाचं, जास्त असतील तर जास्तीचं. परीक्षा होईल. नापास होईल तिने दुसरं काम बघावं."

बायका वन्संभोवती गोळा झाल्या. वन्सं लग्नाआधी शाळेत शिकलेल्या. त्यांच्या बाई छडीच्या तालावर स्पेलिंगं म्हणून घेत, आणि छडीखाली शिकलेलं विसरत नाही. धुलाईखान्यात त्यांना मास्तरीण म्हणत.

"मास्तरीणबाई, नवऱ्याचं अनेकवचन काय हो?" इस्त्रीवालीने डोळे मिचकावत विचारलं.

"एकवचनानेच डोकं फुटलं, पुढचं विचारायला थांबले नाही," वन्सं म्हणाल्या. सगळ्या हसल्या, वन्संसुद्धा.

वहिनीला इंग्रजी अक्षरं येत होती, तेवढीच. वन्संनी तिला चादर हातात असतानाच शिकवायला घेतलं. शिकायला वेगळा वेळ कुठे होता? वन्सं टोकं वर उचलत आणि शब्द टाकत. वहिनी टोकं जुळवायला चालत येई आणि जवळ पोचेपर्यंत उत्तर द्यायचं.

"बॉक्स."

"बॉक्सेस. शेवटी एक्स, म्हणून नुसता एस पुरत नाही, ई-एस."

"शाब्बास. ट्रे."

"वाय जातो—"

"का जातो? त्याच्या आधी कोण बसलंय ते बघ की. स्वर बसलाय. स्वर शेजारी असला की वायला कुणी उठवत नाही. नुसता एस लाव आणि पुढे हो. बेबी?"

"बेबीमध्ये वायच्या आधी बी आहे. म्हणजे वाय उठतो, आय-ई-एस येतात."

"नाइफ?"

"एफ-ई जातात, व्ही-ई-एस येतात. वन्सं, या इंग्रजांना कुणी एका जागी स्वस्थ बसू देत नाही का हो?"

"शीपला देतात. एक असो नाहीतर कळप असो, शीपच. बिचारं."

वहिनी भराभर शिकली. पण एकदाही पेन्सिल धरली नाही. तोंडाने येतंय म्हणजे आलं, असंच दोघींना वाटलं.

परीक्षा जेवणघरात झाली. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका. वहिनीच्या अगदी समोर वन्संची जागा आली. कागद आले. वन्सं खाली मान घालून लिहू लागल्या. दिलेल्या शब्दांची अनेकवचनं लिहायची होती. वहिनीने पहिला शब्द वाचला, बेबी. डोक्यात काहीच आलं नाही. कालपर्यंत जिभेवर नाचणारे शब्द कुठे गेले तेच कळेना. पेन्सिल परकी वाटत होती. तिने ती खाली ठेवली, डोळे मिटले आणि चादरीची टोकं धरल्यासारखे दोन्ही हात वर उचलले.

समोर वन्संना फक्त ते हात दिसले. त्यांचेही हात वर गेले, आणि चादर धरताना ती अडली की सांगायच्या तसं पहिल्या शब्दाचं उत्तर तोंडून निघालं, "वाय जातो, आय-ई-एस."

सगळ्या खोलीत ऐकू गेलं. कुणीतरी खिदळलं. सुपरवायझर आला आणि त्याने वन्संपुढचा कागद उचलला.

"साहेब, हात मी वर केले," वहिनी उठून म्हणाली. "त्यांनी मुद्दाम नाही सांगितलं. सवय आहे आमची."

"बोललं कोण?"

"त्याच. पण मग माझाही कागद घ्या."

"वहिनी, खाली बस," वन्सं दबक्या आवाजात म्हणाल्या. "एकीचं तरी राहू दे."

वहिनी बसली. अडखळत का होईना, लिहिलं तिने, आणि पासही झाली. वन्संच्या कागदावर एकही चूक नव्हती, पण तो तपासायला गेलाच नाही, आणि त्यांचं काम सुटलं.

घरी भावाने सगळं ऐकून घेतलं. वन्संच्या सासरहून निरोप येऊन पडलेलाच होता, सासू अंथरुणाला खिळली आहे, करायला कुणी नाही.

"जाऊन ये," भाऊ म्हणाला. "माणसं बदलतात."

"अहो, तो पट्टा विसरलात?" वहिनी म्हणाली. "माझ्या पगारात त्यांचं जेवण निघेल."

"तुझा पगार घराचा आहे."

"आणि वन्सं कुठल्या आहेत?"

तो उठून गेला. वहिनी रोज भांडत राहिली. शेवटी वन्संनीच तिला थांबवलं. "पुरे. प्रत्येक घासाला तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघायचं, हे मला जमायचं नाही."

सुट्टीच्या दिवशी वहिनी त्यांना पोचवायला गेली. दार नवऱ्याने उघडलं. केस पिकले होते, खांदे मात्र तसेच रुंद. त्याने बोचक्याकडे पाहिलं, मग वन्संकडे.

"आईचं अंथरूण बदलायचंय," तो म्हणाला. "सकाळपासून तशीच पडलीय."

"चादरी कुठे आहेत?" वन्संनी विचारलं आणि चपला काढून आत गेल्या.

वहिनीला त्याने आत बोलावलं नाही. ती अंगणात उभी राहिली. आतून म्हातारीचं कण्हणं आलं, मग बादलीत पाणी ओतल्याचा आवाज, मग त्याचा चढलेला आवाज. काय म्हणाला ते कळलं नाही. वन्संचं उत्तर ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती, शेवटची बस गाठायची होती. वहिनी निघाली.