आठ फूट दोन इंचांवरचा मेन स्विच

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर जमिनीपासून सात फूट पाच इंचांवर एक निळी रेघ आहे. मोठ्या पुरात पाणी तिथवर चढलं होतं. महाडला आमच्या गल्लीत अशी रेघ घरोघर आहे, आणि रंगारी आला की आधी विचारतो, "रेघ ठेवायची ना?" ठेवायचीच. घरातली प्रत्येक वस्तू तिच्या हिशेबाने लावलेली असते. कागदपत्रांची पेटी रेघेच्या वर, तांदळाचे डबे वर, इन्व्हर्टर वर. देवसुद्धा माळ्यावर गेले. त्या पुरात आमची जुनी गाडी गॅरेजमध्येच तरंगून पत्र्याला टेकली होती. ज्याने ते पाहिलंय त्याला रेघेबद्दल शिकवायला कुणी येऊ नये, असं माझं मत होतं.

बायको तुडीलच्या बाजूला एका शाळेत शिकवते. गाडी गेल्यावर काही वर्षं तिने एसटीने काढली, आणि मग विजेवर चालणारी एक छोटी गाडी घेतली. ती घरीच चार्ज करायची होती. गॅरेजमध्ये तोवर एक बल्ब होता, तोही घरातून ओढलेल्या वायरवर. चौदा अँपियरचा लोड सलग सात-आठ तास त्या वायरवर टाकणं म्हणजे आग लावून घेणं. मी मोजणी खात्यात आहे, अंदाजपंचे काम मला सहन होत नाही. मीटरपासून गॅरेज अडतीस फूट, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मीटरवरूनच वेगळी लाइन, तिला गॅरेजमध्ये स्वतंत्र मेन स्विच, गळती झाली तर आपोआप पडणारा ब्रेकर, अर्थिंगसाठी नवा खड्डा. सगळं एका कागदावर लिहून मी वायरमनच्या हातात दिलं.

वायरमन चाळिशीचा, पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. पंधरा वर्षं मुंबईत काम करून परत आलेला. त्याने कागद वाचला, घडी करून खिशात टाकला.

"साहेब, एवढं तर कंपनीतबी कोन बघत नाय."

"म्हणूनच तिथे आगी लागतात."

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन फुटांवर कातळ लागला. "तार बोअरच्या पायपाला बांधू या," तो म्हणाला, "सगळे तेच करतात." मी करू दिलं नाही. मागच्या अंगाला दुसरी जागा दाखवली आणि त्याच्याकडून पूर्ण खोलीचा खड्डा खणून घेतला. तिथे माझं बरोबर होतं आणि ते त्यालाही कळत होतं. पण त्यामुळे झालं काय, की त्यानंतर माझं सगळंच बरोबर असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आलो तर मेन स्विचची पेटी भिंतीवर बसलेली, बरोब्बर पाच फुटांवर. वायरमन खाली उकिडवा बसून चार्जिंगच्या पॉइंटमध्ये वायरी लावत होता. माझं डोकंच फिरलं.

"ही रेघ दिसते का तुला?"

"दिसते की."

"मग पेटी तिच्या खाली कशी?"

"हाताला येईल तिथं मेन लावतात, साहेब. नदी वर्षातनं एकदा येनार, आली तर. वैनी रोज येनार."

"तुझी वाडी डोंगरात. तिथे पाणी येत नाही, तुला बोलायला काय जातं!"

"आमच्याकडं डोंगर येतो, साहेब," एवढंच म्हणाला.

त्या बाजूच्या दरडी आठवून तेव्हाच माझी जीभ थांबायला हवी होती. थांबली नाही. मी त्याला म्हटलं, आहे ते हातातलं ठेव आणि आधी ती पेटी काढ. तो पाना-पेचकस तिथेच टाकून शिडीवर चढला. मी टेप धरून खाली उभा. रेघेच्या वर नऊ इंच, म्हणजे आठ फूट दोन इंच. एक इंच खाली नको. त्याने चार नवी भोकं पाडली, जुनी चार तशीच राहिली.

बायको चहा घेऊन आली आणि वर बघत राहिली. "अहो, माझा हात तिथे कसा पोचायचा?"

"तुला मेन रोज कशाला लागतोय? पॉइंटला बटण आहे की. पूर आलाच तर मी आहे."

"वैनी, उंच व्हा आता," वायरमन शिडीवरून म्हणाला. ती हसली. मी हसलो नाही.

दोन महिने गाडी चार्ज होत राहिली. मग एका शनिवारी मी उमरठला एका बांधाच्या मोजणीवर होतो. तिथे त्या खोऱ्यात फोनला रेंज नव्हती. बायकोची शाळा सकाळची होती. तिने दुपारी गाडी चार्जिंगला लावली आणि कपडे वाळत घालायला मागे गेली. अर्ध्या-पाऊण तासाने जळकट वास आला म्हणून ती गॅरेजमध्ये धावली. पॉइंटची प्लेट काळी पडून वितळत होती, धूर निघत होता, आणि ज्या बटणाचा मी हवाला दिला होता ते त्याच प्लेटवर मऊ होऊन वाकलं होतं. गाडीकडची पिन लॉक, चावी घरात. वरच्या पेटीतला ब्रेकर पडला नव्हता. गळतीही नव्हती आणि लोडही जास्त नव्हता, आत नुसतं एक टोक ढिलं होतं आणि तापत गेलं होतं. असल्या गोष्टीला ब्रेकर पडत नाही. मीटरवरूनच वेगळी लाइन आणलेली, त्यामुळे घरातला मेन पाडूनही उपयोग नव्हता. ती लाइन बंद करायची एकच जागा होती, आणि ती मी आठ फूट दोन इंचांवर नेऊन ठेवली होती.

शिडी मीच माळ्यावर ठेवलेली. रेघेच्या वर.

तिने प्लॅस्टिकची खुर्ची ओढली. पुरली नाही. मग जळमटं काढायचा लांब बांबूचा झाडू आणला, खुर्चीवर चढून त्याच्या टोकाने स्विच खाली पाडायला गेली. पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा पडला. तोवर प्लेटच्या खालच्या कोपऱ्याने पेट घेतला होता. तिने बादलीतली वाळू मारली, ती मात्र गॅरेजमध्ये हाताला येईल अशी होती, कारण ती तिने ठेवली होती.

पोलादपुरात आल्यावर मला रेंज मिळाली आणि तिचे सात कॉल दिसले. तिने सगळं सांगितल्यावर मी तिथूनच वायरमनला फोन लावला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून जे तोंडाला येईल ते बोललो. माणसं वळून बघत होती. तो एवढंच म्हणाला, "वैनी बऱ्या हायत ना? येतो."

तो महाडातच एका कामावर होता, मी पोचलो तेव्हा आधीच आलेला होता. मेन बंद आहे याची त्याने दोनदा खात्री केली, जळकी प्लेट उघडली, टोक बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. स्क्रू अर्धाच पिळलेला होता.

"हे माझं," तो म्हणाला. "स्क्रू माझा."

"तुझाच! बायको मेली असती माझी!"

"व्हय. पन साहेब, मी हा स्क्रू पिळत होतो तवाच तुमी वर बोलावलंत. आहे ते हातातलं ठेव म्हनलात. ठेवलं. नंतर झाकन लावताना ध्यानात नाय ऱ्हायलं, ती चूक माझी, मी नाय म्हनत नाय. पन ती पेटी?" त्याने वर बोट दाखवलं. "ती कुनाची?"

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं.

बायको दारात उभी होती. हातावर राखेचा डाग तसाच. मी टेप काढली आणि तिला म्हटलं, हात वर कर. ती म्हणाली, "आता?" पण केला. सहा फूट एक इंच. खुर्ची एक फूट पाच इंच. मिळून सात फूट सहा. खुर्चीवर चढूनही आठ इंच कमी. ही बेरीज करायला मला कागदसुद्धा लागला नसता. मीटरपासूनचं अंतर मी दोनदा मोजलं, खड्डा मोजला, पाण्याची उंची तर भिंतीवर रंगवून ठेवली. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिचा हात तेवढा मोजला नाही. तिने तोंडाने विचारलं होतं, तरी नाही.

"मग परत खाली घ्यायची का पेटी?" मी विचारलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता. "पाच फुटांवर? आणि पाणी आलं की?"

"जिना आहे ना," बायको म्हणाली.

गच्चीवर जाणारा जिना गॅरेजच्या भिंतीला लागूनच चढतो, वर पत्रा आहे. मधल्या वळणापर्यंत सात पायऱ्या, प्रत्येकी सात इंच. चार फूट एक इंच. त्या वळणावर उभं राहून छातीच्या उंचीवर, आणखी चार फूट एक इंचावर पेटी लावली की जमिनीपासून होतात आठ फूट दोन इंच. मी मनात केलेली बेरीज वायरमननेही केली असावी, कारण तो हसू दाबत होता.

"तेव्हाच बोलायचं होतंस," मी तिला म्हणालो.

"तेव्हा तुम्ही ऐकत होतात?"

दुसऱ्या दिवशी पेटी जिन्यात गेली. सगळी टोकं त्याने उघडून पुन्हा पिळली, एकेक. मी बाजूला उभा राहिलो आणि त्याचं काम संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही. मग बायकोला पॉइंटपासून पेटीपर्यंत चालायला लावलं. घड्याळ लावून, नऊ सेकंद. "आता रोज परेड घेणार का?" ती म्हणाली.

पॉइंटच्या जवळ तिने एक खिळा ठोकून जळमटांचा झाडू टांगला आहे. आता त्याची गरज नाही, असं मी तिला दोनदा सांगून पाहिलं. किती उंचीवर ठोकू, हे तिने मला विचारलं नाही.