अलकनंदाबाईंनी न विचारलेला प्रश्न

लक्ष्मीबाई नगरात कुणाचंही सरकारी घोडं अडलं, की माणसं ऑफिसात जायच्या आधी अलकनंदाबाईंकडे जायची. सीजीएचएसच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या कार्डावर सासूचं नाव चढवायचंय, एलटीसीच्या प्रवासखर्चावर गावी जाताना मध्येच जयपूरला उतरायचंय, क्वार्टरचं छत गळतंय तर तक्रार कोणत्या शब्दांत लिहायची, सगळं बाईंना तोंडपाठ. स्वतः त्यांनी एक दिवस नोकरी केली नव्हती. नवरा शशिकांत एका मंत्रालयात असिस्टंट. तो घरी आला की ऑफिसचं नाव काढायचा नाही. बाई मात्र त्याच्या बॅगेतली सर्क्युलरं काढून, चष्मा लावून, मासिकातली गोष्ट वाचावी तशी वाचायच्या. शेजारचे विनायकराव क्वार्टर वाटपाच्या खात्यातच होते. ते चेष्टेने म्हणायचे, "वहिनी, रिटायर झालो की माझी खुर्ची तुम्हालाच." बाईंना ते आवडायचं. का आवडू नये? बावीस वर्षं दिल्लीत काढूनही जिची हिंदी ऐकून भाजीवाला हसतो, तिला कुणी काही विचारायला येतं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

एका बाबतीत मात्र बाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. ती बाब म्हणजे त्यांचा मुलगा.

श्रीरंग हुशार होता, आणि हे मी आईच्या तोंडचं सांगत नाही, खरंच होता. कॉलेजात गेल्यावर दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये अभ्यास होत नाही म्हणाला आणि मित्रांबरोबर दिल्लीतच, मुनिरक्यात खोली घेऊन राहिला. मुंबईकडे ज्याला गर्द म्हणतात, त्याला इथे स्मॅक म्हणतात. ती त्याला त्या खोलीत भेटली. रविवारी घरी आला की जेवता जेवता ताटावरच त्याचा डोळा लागायचा. जागरणं करतोय अभ्यासासाठी, असं आईबापांनी एकमेकांना दीड वर्ष सांगितलं. नंतर सांगण्यासारखं काही उरलं नाही.

मग जे सगळे करतात ते त्यांनीही केलं. फरीदाबादच्या बाहेर एका खासगी नशामुक्ती केंद्रात त्याला तीन महिने ठेवलं. तिथे औषध नव्हतं, डॉक्टर नव्हता. पहाटे उठवून पळवणं, भजन आणि पट्टा, एवढाच इलाज. तो परत आला तेव्हा मनगटांवर वळ होते आणि डोळे कुणाकडे वर होत नव्हते. नवव्या दिवशी तो पुन्हा मुनिरक्याला गेला. कॉलनीत बाईंनी सांगितलं होतं, कोर्ससाठी बाहेरगावी गेलाय. बाई खोटं फार चांगलं बोलायच्या नाहीत, पण त्यांच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या मनात यायचं नाही.

शेवटी एका सरकारी केंद्राचा पत्ता लागला, दोन बस बदलून जावं लागे असा. तिथे स्मॅकच्या जागी एक गोळी द्यायचे. रोज एक, जिभेखाली धरून विरघळवायची. नशा चढत नाही, पण अंग तुटत नाही, जीव त्या पुडीसाठी तडफडत नाही, माणूस उठून कामाला जाऊ शकतो. तिथली समुपदेशक लतिका नागपूरची निघाली. बाईंनी पहिल्याच दिवशी तिला गाठून मराठीत विचारलं, "पण ही गोळी सुटणार कधी?"

"काकू, शुगरच्या पेशंटला आपण असं विचारतो का?" लतिका म्हणाली. "वर्ष लागेल, तीन वर्षं लागतील. कमी करायची ती आम्ही, हळूहळू. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. अचानक बंद करायची नाही. बंद झाली की शरीराची सवय जाते, आणि मग आधी जेवढी स्मॅक घ्यायचा तेवढी एकदा जरी घेतली, तरी श्वास थांबतो. असे गेलेत आमच्याकडचे."

बाईंनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं, नीट कळलं होतं. म्हणून तर पुढचं सांगताना माझा हात जड होतो.

पहिले काही महिने तो रोज केंद्रात जाऊन गोळी घेत होता. मग पंधरा-पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या, घरच्या माणसाच्या ताब्यात. बाई त्या गोदरेजच्या कपाटात ठेवायच्या, किल्ली कमरेला. सकाळी चहाच्या आधी त्या श्रीरंगच्या समोर बसायच्या. गोळी विरघळेपर्यंत दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. ती दहा मिनिटं बाई एकट्याच बोलायच्या. आयएनए मार्केटमध्ये सुरमई आलीय, पण भाव काय सांगतो मेला. कॉलनीतल्या हेमलताच्या मुलीला दिल्लीचाच मुलगा बघतायत. श्रीरंग डोळ्यांनी हसायचा. सरोजिनी नगरात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो बसायला लागला. अंगावर मांस आलं. सोळा महिने असे गेले, आणि बाईंच्या आयुष्यातले तेच सगळ्यांत बरे महिने होते, असं म्हणायला हरकत नाही.

त्या सोळा महिन्यांच्या मध्येच शशिकांत गेला. ऑफिसात, खुर्चीवर, फाइल पुढ्यात उघडी. कपाळाचं कुंकू पुसलं त्याच आठवड्यात बाईंच्या डोक्यात नियम सुरू झाले. नोकरीत असताना माणूस गेला, तर मुलाला अनुकंपा तत्त्वावर घेतात. मुदतीत नेमणूक झाली तर क्वार्टरही मुलाच्या नावावर होतं. नाही झाली तर घर खाली करायचं. गावाकडे दिरांनी कधीच हात वर केले होते. बाईंनी अर्ज स्वतः लिहिला. एकही आक्षेप निघाला नाही. मुदत संपायला अडीच महिने असताना पत्र आलं: लोअर डिव्हिजन क्लार्क, त्याआधी सरकारी इस्पितळात वैद्यकीय तपासणी.

पत्र वाचून श्रीरंगने आईला उचलून गरागरा फिरवलं. बाई हसल्या, आणि पाय जमिनीला लागताच त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. तपासणीत लघवी घेतात. लघवीत गोळी दिसली तर?

आता बघा, ज्या बाईला अख्खी कॉलनी विचारायची, तिला हा प्रश्न विचारायला किती जण होते. विनायकराव भिंतीपलीकडे होते. लतिका फोनवर होती. पण विनायकरावांना विचारायचं म्हणजे का विचारता, हे सांगायचं. आणि लतिकालाही विचारेनात.

"आई, डॉक्टरांना विचारूया ना एकदा," श्रीरंग म्हणाला.

"विचारलं की कागदावर येतं. सरकारी केंद्र, सरकारी इस्पितळ, सरकारी नोकरी. कागद फिरायला किती वेळ लागतो, मला माहितीये."

"यार आई, पण ती बोलली होती ना, अचानक नाही..."

"वीस दिवस गोळी बंद, एवढाच प्रश्न आहे. मी आहे ना समोर!"

त्याने ऐकलं. नियमांच्या बाबतीत आई चुकत नाही, हे त्याने जन्मापासून पाहिलं होतं.

चौथ्या दिवसापासून त्याला जांभया सुरू झाल्या, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा. पाय असे ओढायचे की तो भिंतीवर लाथा मारायचा. बाई तेल लावून त्याचे पाय चोळायच्या. मध्ये केंद्रात जायची तारीख आली. दोघं गेले, गोळ्या घेतल्या. "सगळं ठीक?" लतिकाने विचारलं. श्रीरंगने आईकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बिल्कुल ठीक." दोन फुटांवर बसली होती ती पोरगी. एक वाक्य बोलायचं होतं.

गोळ्या कपाटात साठत गेल्या. पंधराव्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि बाईंना वाटलं, सुटलंच की हे! त्यांना अभिमान वाटला. जे डॉक्टरांना दोन वर्षांत जमलं नाही ते आपण पंधरवड्यात केलं, असं त्यांनी देवापुढे उभं राहून मनात म्हटलंसुद्धा.

तपासणी मंगळवारी झाली. श्रीरंग पास होऊन आला, चप्पल काढली, आणि पाणीही न मागता म्हणाला, "आई, झालं. आता गोळी दे."

"अरे, जॉइन तर होशील! चार दिवस थांब. परत बोलावलं तर?"

"आई, मला बरं वाटत नाहीये. अंगाचं नाही म्हणत. डोक्यात तेच चाललंय सारखं. दे ना."

"एवढं सोसलंस, आता कशाला परत ते लचांड? सुटलास तू, राजा."

त्याने दोनदा मागितली. दुसऱ्यांदा मागताना त्याने कमरेच्या किल्लीकडे बोट दाखवलं, लहानपणी खाऊच्या डब्याकडे दाखवायचा तसं. बाईंनी किल्ली पदराखाली घेतली. हिसकावण्यातला तो मुलगा नव्हता. हिसकावली असती तर आज जिवंत असता.

शुक्रवारी दुपारी दुकानातून तो मुनिरक्याला गेला. जुन्या मित्राच्या जुन्या खोलीत, जुन्या मापाने त्याने स्मॅक ओढली. मित्र चहा आणायला खाली उतरला होता. तो परत आला तेव्हा श्रीरंगचे ओठ निळे पडले होते.

कॉलनीत बाईंनी सांगितलं, हार्ट. बापाचंच आलं पोराला, म्हणून बायका हळहळल्या. दहाव्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. विनायकरावांनी ते खालच्या खालीच घेतलं आणि परत पाठवलं.

तेरावा झाल्यावर बाई त्या दोन बस बदलून केंद्रात गेल्या. उरलेल्या गोळ्या परत कराव्या लागतात, हाही नियमच. लतिकाने पाकिटं पाहिली, तारखा पाहिल्या, आणि तिला न सांगता सगळं कळलं. तिने रजिस्टर पुढे ओढलं. बाईंनीच विचारलं, "लघवीत दिसली असती का गं?"

"काकू..."

"सांग मला."

"ते फक्त साखर आणि अल्ब्युमिन बघतात," लतिका म्हणाली. "गोळीचं कुणी बघतच नाही. आणि बघितलं असतं तरी आम्ही औषधाची चिठ्ठी देतो. आपल्या केंद्रातले दोघं आहेत ना सरकारी नोकरीत, रोज गोळी घेऊन जातात. फोनवर विचारलं असतंत तरी..."

बाईंनी मान डोलावली, पहिल्या दिवशी डोलावली होती तशीच. मग उठल्या.

बाहेर बाकावर फरीदाबादहून येणारी सुमित्रा म्हणून एक बाई बसली होती. तिच्या मुलाच्या गोळ्या नुकत्याच घरी मिळायला लागल्या होत्या. तिने सरकून जागा दिली आणि सहज विचारलं, "आपका बेटा कैसा है, बहनजी?"

इतके दिवस सगळ्यांना सांगितलेला हार्ट हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. तो त्यांनी गिळला.

"मर गया," त्या म्हणाल्या. "दवाई मैंने बंद की थी."

सुमित्राला आधी समजलं नाही. मग समजलं. ती बाईंपासून जराशी दूर सरकली आणि मांडीवरच्या पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं.