योहानभाऊचा कान

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही, मुलांना माहीत नाही. तुम्ही पहिलेच. आणि तुम्हाला तरी सांगावी की नाही, असं करत मी मघापासून चष्मा पुसत बसलोय. चष्मा स्वच्छ आहे.

आधी लहान कबुली देतो. मला लहानपणापासून नसत्या चौकशीची खोड. आतून हे चालतं कसं? — हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की मला जेवण गोड लागत नाही. वडील नगरला संस्कृत शिकवायचे. त्यांच्या मते माझ्या हातात पळी-पंचपात्र शोभलं असतं, पाना नव्हे. लढाईच्या काळात मी छावणीत सुट्या भागांच्या कोठारावर कारकून होतो. लिहायचो थोडं, भाग उलटेपालटे करून बघायचो फार. लढाई संपली तशी नोकरीही संपली, आणि मी केडगावला पुणे रस्त्यालगत पत्र्याची शेड टाकून मोटारी दुरुस्त करू लागलो.

योहानभाऊ तिथेच भेटला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. रविवारी चर्चमध्ये खर्जात गाणारा, बाकीचे दिवस स्वतःची जुनी पिकअप चालवणारा — पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा. घोडेगावच्या बाजारातून शेळ्या भरून तो नगरला आणायचा. त्या गाडीच्या मैलांचे आकडे एकदा पुरते फिरून पुन्हा शून्यावरून निघाले होते.

पण त्याची खरी ओळख गाडी नव्हती. त्याचा कान. हातभर लांबीचा बाभळीचा रूळ होता त्याच्याकडे. एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाशी, आणि डोळे मिटायचे. मग सांगायचा — अमुक व्हॉल्व्ह जळालाय, तमुक बेअरिंग गेलंय. उघडून बघावं तर तेच! पुणतांब्याचे मळेवाले विहिरीवरचं इंजिन कुरकुरलं की त्याला न्यायला माणूस धाडायचे. मी त्याला चुकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मुद्दाम एखादा नट सैल करून ठेवायचो. तो रूळ लावायचा आणि हसायचा, “पंत, माझी परीक्षा घेतो व्हय?” मी तोच रूळ माझ्या कानाला लावून बघितला. मला नुसता गोंगाट. त्याला काय ऐकू येत होतं? मला त्याचा हेवा वाटत होता का? वाटत असावा. त्या वेळी मी त्याला कुतूहल म्हणत होतो.

तर — लष्कराच्या भंगारात मला एक यंत्र मिळालं. विमानातलं. लोखंडी पेटीत आठाच्या आकड्यासारखी दोन पाती, एकमेकींना न शिवता फिरणारी. कोठारातल्या इंग्रजी पुस्तकात मी त्याबद्दल वाचलं होतं: सुपरचार्जर. इंजिन श्वास घेतं त्याहून जास्त हवा हे त्याच्या छातीत कोंबतं. लोहाराचा भाताच म्हणा. योहानभाऊनं त्याला लगेच भाताच म्हटलं. “लई भारी हाय,” तो म्हणाला, “पर नाकापरीस मोती जड.”

ते त्याच्या गाडीला लावायचं कारण मात्र रास्त होतं. घोडेगावहून येताना इमामपूरच्या घाटात त्याची गाडी हटकून दमायची. पाणी उकळायचं, शेळ्या उतरवून चालवाव्या लागायच्या, आणि वरून टांगेवाले विचारायचे — बैल जुंपू का? भाता लावला तर ती घाट चढेल का? त्याला तेवढंच हवं होतं. मला मात्र बघायचं होतं. फरक आहे दोन्हीत.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की झिजलेल्या इंजिनाला हे लावू नये, आधी आतली बेअरिंगं तपासावीत. मी तपासली की! इंजिनाखालची तेलाची टाकी सोडली, पिस्टनचा एकेक दांडा धरून हलवला. तिसरा हलला. फार नाही — पण हलला, आणि बारीक ‘टक्’ झालं. त्याच्या बेअरिंगमधला मऊ धातू खपल्यांसारखा सुटून निघत होता. नवा ओतून आणायला पुण्याला पाठवावं लागलं असतं. महिना गेला असता. माझा भाता तयार, पट्टा तयार. महिनाभर थांबायचं? मी टाकी परत लावली.

आता इथवर चूक म्हणता येईल. पुढचं चूक नाही, ते ठरवून केलेलं.

योहानभाऊ ऐकल्याशिवाय गाडी हलवणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तो गार इंजिन कधीच ऐकत नसे. “गरम झाल्याबिगर दुखनं बोलत न्हाई,” म्हणायचा. तेव्हा मी काय केलं? इंजिनात साध्या तेलाऐवजी गिअरबॉक्सचं जाड वंगण ओतलं. ते घट्ट असेपर्यंत सैल दांडा आवाज करत नाही. आणि सकाळी तो यायच्या आधी घरच्या बंबातलं कढत पाणी बादलीनं आणून रेडिएटरमध्ये भरलं. आईनं विचारलं, एवढं पाणी कशाला? म्हटलं, हात धुवायला.

तो आला. रेडिएटरवर तळवा ठेवला, मान डोलावली. मी म्हणालो, अर्धा तास चालवलीय. त्यानं रूळ लावला. डोळे मिटले. फार वेळ ऐकलं — नेहमीपेक्षा जास्त. शेवटी म्हणाला, “कायतरी मुकं वाटतंय, पर ठोकत न्हाई.” मी म्हणालो, “मग झालं तर.”

जाताना गाडी रिकामी, घाट उताराचा; दांडा गप्प राहिला. मग घोडेगावहून शेळ्या भरून आम्ही घाटाला लागलो. आणि काय सांगू तुम्हाला — गाडी चढली! भाता किंचाळत होता, शेळ्या ओरडत होत्या, योहानभाऊ स्टिअरिंगवर थाप मारून मोठ्यानं गात होता. मी आयुष्यात तेवढा सुखी क्वचित झालो असेन. हेही लपवत नाही. मग चढाच्या भारानं तेल पुरतं तापलं, पातळ झालं, आणि आवाज सुरू झाला. मला कळला. त्यालाही कळला, तो गाडी थांबवतच होता, तेवढ्यात दांडा तुटून इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. माणसं वाचली, शेळ्या वाचल्या. इंजिन संपलं.

मी बोलणार होतो. खरंच, तोंड उघडलंही होतं. पण तो आधी बोलला. रस्त्यावर सांडलेल्या तेलाकडे बघत म्हणाला, “तुजा काय दोष न्हाई, पंत. मीच ऐकलं हुतं. माजाच कान गेला.”

मी तोंड मिटलं. 

त्यानंतर त्यानं कुणाचंही इंजिन ऐकलं नाही. लोक आले की सांगायचा, आता न्हाई जमत. रूळ मला देऊन टाकला आणि पुणतांब्याला बहिणीच्या मळ्यात राबायला गेला. लोक माझ्याकडे येऊ लागले. माझं बरं चाललं.

तुम्हाला वाटेल, एवढंच. मलाही तेवढंच सांगून थांबायचं होतं.

दोनेक वर्षांनी त्याच बहिणीच्या मळ्यातून मला बोलावणं आलं. विहिरीवरचं इंजिन बघायला. मी पोचलो तेव्हा ते चालू होतं आणि योहानभाऊ हातात फावडं घेऊन पाटावर उभा होता. मान एका बाजूला कललेली — ती मान मी ओळखत होतो. माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघितलं, आणि एखादी लाजेची गोष्ट विचारावी तसं हळूच म्हणाला, “पंत, बेरिंग ठोकतंय का रं? का मलाच तसं वाटतंय?”

मी रूळ लावला. त्याचाच. एव्हाना मला थोडं ऐकू यायला लागलं होतं. बेअरिंग ठोकत होतं — बारीक, पण स्वच्छ. त्यानं ते वीस पावलांवरून, रुळाशिवाय ऐकलं होतं.

‘हो’ म्हणायला काय लागतं? एक शब्द. पण त्याचा कान चांगला असेल, तर त्या दिवशीही चांगलाच होता. मग त्याला आठवलं असतं — ते मुकेपण, तो गरम रेडिएटर. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. आशेनं बघत होता हो.

मी म्हणालो, “नाही भाऊ. काही नाही.”

“व्हय. तसंच आसंल,” तो म्हणाला, आणि पाणी मोडायला पलीकडच्या वाफ्याकडे गेला. तो लांब गेल्यावर मी तेल बदलतो म्हणून इंजिन बंद केलं, बेअरिंग घट्ट केलं, आणि कुणाला काही बोललो नाही.

योहानभाऊला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचा कान शेवटपर्यंत शाबूत होता. हे एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस योहानभाऊ नव्हता.